कुत्र्यांसाठी अद्रक

अद्रक म्हणजे पुण्या-मुंबईकडचं आलं. मराठवाड्यात बाजारात, शेतात, घरात सगळीकडे अद्रकच म्हणतात, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, खुलताबाद, फुलंब्री या पट्ट्यात तर हे नगदी पीकच आहे, त्यामुळं घरात अद्रक नाही असं सहसा होत नाही. आयुर्वेदात सुंठीला विश्वभेषज असं नाव आहे. म्हणून कुत्र्यानं ओकारी काढली की घरातली मोठी माणसं पहिल्यांदा अद्रकच सुचवतात, आणि थोड्या प्रमाणात ते चूकही नाही.

ओल्या अद्रकीचा तिखटपणा जिंजेरॉल नावाच्या घटकामुळं असतो. वाळवून सुंठ केली की त्यातल्या बऱ्याच जिंजेरॉलचं शोगाओल होतं, ते आणखी जहाल. शिवाय ओल्या अद्रकीत 80 टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणजे सुंठीची एक चिमूट आणि किसलेल्या अद्रकीची एक चिमूट एकसारखी धरायची नाही, सुंठ फार कमी लागते.

खरा फायदा मळमळीवर आहे. आतड्यात सेरोटोनिन नावाच्या रसायनामुळं उलटीचा निरोप मेंदूकडं जातो, तो निरोप हे घटक काही प्रमाणात अडवतात. 1997 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या संशोधकांनी कुत्र्यांवरच याचा अभ्यास केला होता. सिसप्लॅटिन हे कॅन्सरचं औषध दिल्यावर होणाऱ्या उलट्या अद्रकीच्या अर्कानं कमी झाल्या, पण अ‍ॅपोमॉर्फिननं होणाऱ्या उलट्यांवर काही फरक पडला नाही. अ‍ॅपोमॉर्फिन थेट मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं, त्यामुळं अद्रकीचं काम मुख्यतः पोटातच चालतं असं म्हणायला जागा आहे. त्यात अर्क वापरला होता, किसलेली अद्रक नाही, हेही ध्यानात ठेवावं. गाडी लागण्यावर मात्र अद्रकीचा वापर मुख्यतः माणसांच्या अनुभवावरून आलाय. म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीवरही अद्रक सांगतात, सूज कमी करण्याचा गुण तिच्यात आहे, पण लंगडणारं कुत्रं तेवढ्यावर पळायला लागेल अशी आशा धरू नये.

द्यायची कशी तर साल काढून, बारीक किसून, नेहमीच्या खाण्यात कालवून. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ कारवानी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं, तसं 20-25 किलोचं कारवानी असेल तर अर्धा छोटा चमचा पुष्कळ झाला, लहान जातीच्या कुत्र्याला पाव छोट्या चमच्याच्या वर जाऊ नये, आणि पहिल्यांदा देताना फक्त चिमूटभर देऊन एक दिवस बघावं. टेम्पोत किंवा जीपमध्ये न्यायचं असेल तर निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी. जास्त झाली तर छातीत जळजळ, हगवण, आणि ज्यासाठी दिली तीच उलटी.

आता खरी काळजीची गोष्ट. आपल्याकडं घरात सुटी अद्रक किसायला वेळ नसतो, फ्रीजमध्ये अद्रक-लसणाची पेस्ट तयार असते, तीच बोटभर भाकरीला लावून देतात, नाहीतर कांदा-लसूण घातलेली येसूर आमटी कुस्करून देतात की त्यात अद्रक आहेच. हे अजिबात करू नका. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, आणि त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, तोवर पेस्ट दिलेली कुणाला आठवतही नाही. अद्रकीचा चहाही नको, त्यात चहापत्ती आणि साखर असते.

दुसरं म्हणजे गोचीड ताप, आणि माझ्या मते आपल्या भागात अद्रक देण्याआधी पहिला विचार याचाच करावा. गोठ्याशेजारी, अंगणात राहणाऱ्या कुत्र्याला गोचीड लागतातच, त्यांच्यातून एर्लिकिया नावाचा जंतू शिरतो आणि रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स कमी करतो. ताप येतो, जेवण सुटतं, कधी उलटीही होते, आणि मालकाला वाटतं पोट बिघडलंय. अद्रक प्लेटलेट्सचं चिकटणं कमी करते, म्हणजे रक्त आधीच गोठत नसेल तर त्यात भरच. कुत्र्याचा ओठ उचलून हिरड्या बघा, पोटावरची केसं बाजूला करून बारीक लाल ठिपके बघा, नाकातून रक्त येतंय का बघा. यातलं काही दिसलं तर अद्रक बाजूला ठेवून रक्त तपासायचं. ऑपरेशन ठरलेलं असेल, मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामक गोळी चालू असेल, कुत्री गाभण असेल किंवा मधुमेहाचं औषध चालू असेल तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय देऊ नये.

पिल्लू सारखं ओकतंय आणि शौचातून घाण वासाचं रक्त येतंय तर तो पार्वो हा विषाणूचा आजार असू शकतो, तिथं सलाईन लागते. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट अचानक फुगलं आणि ओकारी येऊनही काही पडत नसेल तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, त्यात तासाभराचा उशीरही महागात पडतो. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिकडं न्यावं, नाहीतर गावाजवळचा जनावरांचा दवाखाना गाठावा, आणि घरी अद्रक दिली असेल तर किती आणि कधी दिली ते डॉक्टरला न लाजता सांगावं.