रात्र काळी का असते?

'विरोधाभास' या शब्दाची फोड केली की त्याचे अर्धे उत्तर हाती येते: विरोध नाही, विरोधाचा आभास आहे. विचाराची एकेक पायरी बिनचूक वाटावी आणि निष्कर्ष मात्र डोळ्यांदेखत खोटा ठरावा, असे झाले की आपण तर्कालाच दोष देऊ लागतो. खरी खोट बहुधा न तपासता धरलेल्या एखाद्या गृहीतकात असते. ('मी आत्ता खोटे बोलत आहे' यासारखी वाक्ये एवढ्याने सुटत नाहीत, पण ती जात वेगळी.)

केप्लरने १६१० मध्ये हेरलेला आणि पुढे १८२३ मध्ये हाइनरिश ओल्बर्स या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मांडलेला एक प्रश्न वरवर पोरकट वाटतो: रात्र काळी का? सूर्य मावळतो म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. विश्व अनंत, अनादी आणि ताऱ्यांनी सर्वत्र सारखेच भरलेले आहे असे मानू आणि आपल्याभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखी एकात एक कवचे कल्पू. दुप्पट अंतरावरच्या कवचातील तारा चौपट मंद दिसेल, पण त्या कवचात तारेही चौपट असतील. म्हणजे प्रत्येक कवचाकडून सारखाच प्रकाश येईल. कवचे तर अगणित. घनदाट अरण्यात जिकडे पाहावे तिकडे नजर कोणत्या तरी बुंध्यावरच अडते, तशी इथेही ती कोणत्या तरी ताऱ्यावर अडेल आणि सगळे आकाश सूर्यबिंबासारखे तळपेल.

मधली धूळ प्रकाश अडवत असेल, ही ओल्बर्स यांची तोड टिकली नाही, कारण शोषलेल्या प्रकाशाने तापून ती धूळही अखेर तितकीच उजळेल. गणित चोख होते. चुकले होते ते 'अनादी' हे गृहीतक. विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे आहे, आणि तेवढ्या काळात ज्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकला ते तारे आकाश भरून काढायला फारच अपुरे आहेत. दुर्बिणीविना, नुसत्या मान वर करून पाहण्यातून विश्वाला आरंभ असल्याचा पुरावा मिळावा, हे मला या कोड्यातले सर्वांत विलक्षण वाटते.

तरीही नजर कुठेतरी अडायला हवी, हा ओल्बर्स यांचा आग्रह एका अर्थी खराच ठरला. दूरचा प्रकाश पोचायला वेळ लागतो, म्हणून दूर पाहणे म्हणजे भूतकाळात पाहणे; ताऱ्यांच्या मधल्या काळोखात ती नजर थेट आरंभानंतरच्या सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांपर्यंत मागे जाते आणि तेव्हाच्या जवळपास ३००० केल्विन तापमानाच्या तप्त वायूवर थांबते. विश्वाच्या प्रसरणामुळे तिथून निघालेल्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ११०० पट ताणली गेली आहे, आणि म्हणूनच १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी जाहीर केलेले, अवघ्या २.७ केल्विनचे ते सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) प्रारण आकाशाच्या प्रत्येक बिंदूतून येत असूनही आपल्या डोळ्यांना दिसत नाही.