व्हेरिॲडिक फंक्शन

प्रत्येक कॉलमध्ये वेगवेगळ्या संख्येने आर्ग्युमेंट (फंक्शनला पाठवलेली मूल्ये) स्वीकारू शकणाऱ्या फंक्शनला व्हेरिॲडिक फंक्शन म्हणतात. सी भाषेतील मजकूर छापणारे प्रिंटएफ हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण होय. किती आणि कोणत्या प्रकारची मूल्ये पाठवली, हे कॉल करणाऱ्याला ठाऊक असते. ते फंक्शनला कसे कळावे, हा या रचनेतील मूळ प्रश्न आहे.

सीने ही जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे प्रोग्रामरवर टाकली आहे. फंक्शनच्या व्याख्येतील पॅरामीटरच्या (आर्ग्युमेंट स्वीकारणाऱ्या नावांच्या) यादीअखेरीस तीन टिंबे दिली की तेथून पुढच्या आर्ग्युमेंटांचे प्रकार जाहीर करावे लागत नाहीत. कम्पायलर (प्रोग्रामचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारे साधन) फक्त फ्लोट या दशांश प्रकाराचे मोठ्या डबल प्रकारात आणि कॅर, शॉर्ट यांसारख्या लहान पूर्णांकांचे सहसा इंटमध्ये रूपांतर करतो. फंक्शनच्या आत ही मूल्ये १९८९ च्या ॲन्सी या अमेरिकी मानक संस्थेच्या मानकातील मॅक्रो (कम्पाइल होताना प्रत्यक्ष कोडमध्ये बदलणारी संक्षिप्त नावे) वापरून वाचतात : व्हीए-स्टार्ट वाचनाची सुरुवात करतो, व्हीए-आर्ग मागितलेल्या प्रकाराचे मूल्य देऊन पुढे सरकतो आणि व्हीए-एंड वाचन संपवतो. यादी कोठे संपते, हे मात्र यांपैकी एकही मॅक्रो सांगत नाही. म्हणून प्रिंटएफ फॉरमॅट स्ट्रिंगवर (कोणती मूल्ये कशी छापायची हे सांगणाऱ्या मजकुरावर) विसंबते, तर युनिक्समधील दुसरा प्रोग्राम चालवणारे एक्झेकएल शेवटी दिलेल्या नल पॉइंटरवर, म्हणजे कोठेही न दाखवणाऱ्या रिकाम्या पत्त्यावर.

फॉरमॅट स्ट्रिंगमध्ये दोन पूर्णांक मागितले आणि प्रत्यक्षात एकच दिला, तर दुसऱ्या वेळी व्हीए-आर्ग पुढच्या जागेत जे काही असेल तेच सहसा पूर्णांक म्हणून उचलतो. मानकाच्या दृष्टीने अशा प्रोग्रामचे वर्तन अनिश्चित असते. वापरकर्त्याने दिलेला मजकूरच फॉरमॅट स्ट्रिंग म्हणून वापरला, तर स्टॅकवरील (फंक्शनची तात्पुरती मूल्ये ठेवणाऱ्या मेमरीतील) माहिती बाहेर फुटू शकते, आणि टक्का चिन्हापुढे एन हे अक्षर देऊन मेमरीत लिहिताही येऊ शकते. त्यामुळे फॉरमॅट स्ट्रिंग आणि आर्ग्युमेंट यांचा मेळ तपासणाऱ्या कम्पायलरच्या सूचना कधीही बंद ठेवू नयेत.

आर्ग्युमेंट कोठे ठेवायची हे प्रोसेसरनुसार ठरते. ३२ बिट एक्स८६ प्रोसेसरवरील सीडेकल या कॉल पद्धतीत आर्ग्युमेंट उजवीकडून डावीकडे स्टॅकवर ठेवली जातात. त्यामुळे एकूण संख्या कितीही असली तरी पहिले आर्ग्युमेंट ठरलेल्या जागीच सापडते. स्टॅक मोकळा करण्याचे कामही कॉल करणाऱ्याकडेच असते, कारण संख्या त्यालाच माहीत असते. लिनक्सच्या ६४ बिट एक्स८६ पद्धतीत पहिली ६ पूर्णांक किंवा पॉइंटर आणि ८ दशांश आर्ग्युमेंट रजिस्टरांतून (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागांतून) जातात. अशा वेळी व्हेरिॲडिक फंक्शन सुरुवातीलाच ती रजिस्टरे मेमरीत साठवून ठेवते, आणि किती व्हेक्टर रजिस्टरे (दशांश मूल्ये नेणारी) वापरली याची कमाल मर्यादा कॉल करणारा एएल रजिस्टरमध्ये कळवतो.

नंतरच्या अनेक भाषांनी मूल्ये एकत्र बांधून देण्याचा मार्ग धरला. जावामध्ये २००४ च्या पाचव्या आवृत्तीपासून ती ॲरेत येतात, पायथॉनमध्ये टपलमध्ये (न बदलता येणाऱ्या यादीत), गो या भाषेत स्लाइसमध्ये (ॲरेच्या भागाकडे बोट दाखवणाऱ्या रचनेत). जावास्क्रिप्टला हीच सोय २०१५ मध्ये रेस्ट पॅरामीटरच्या रूपाने मिळाली. या रचनांना स्वतःची लांबी ठाऊक असल्याने संख्येचा प्रश्न उरत नाही, आणि जावा व गो यांत प्रकारही कम्पायलर तपासतो. मात्र गोमध्ये आधीच तयार असलेला स्लाइस तीन टिंबे लावून पाठवला, तर त्याची नक्कल होत नाही. फंक्शनने एखादा घटक बदलला की तो बदल कॉल करणाऱ्याच्या स्लाइसमध्येही दिसतो.

सी++ ने २०११ च्या मानकात व्हेरिॲडिक टेम्प्लेट (कितीही आर्ग्युमेंटांसाठी फंक्शन बनवण्याचा साचा) आणून हा प्रश्न कम्पाइल होतानाच सोडवला : आर्ग्युमेंटांच्या प्रकारांच्या प्रत्येक वेगळ्या जुळणीसाठी कम्पायलर स्वतंत्र फंक्शन तयार करतो, त्यामुळे चालू प्रोग्रामला काहीच ओळखावे लागत नाही, मात्र कम्पाइल व्हायला लागणारा वेळ आणि तयार होणारा मशीन कोड, दोन्ही वाढू शकतात.