थेट डेटाबेस बदलला, कॅशे जुनीच: पार्श्वभूमी

टेबलवर थेट अपडेट चालवला, कमिटही झाला, म्हणजे बदल कायम झाला, तरी स्क्रीनवर जुनीच किंमत दिसते. ॲप्लिकेशन ती किंमत कॅशेतून, म्हणजे पटकन वाचता यावं म्हणून वेगळ्या ठेवलेल्या प्रतीतून, उचलतं आणि कॅशेला बदलाचा पत्ताच नसतो. तो कळवायचा कोणी? गेल्या वीसेक वर्षांत ही जबाबदारी हळूहळू ॲप्लिकेशनकडून डेटाबेसकडे सरकत गेली.

कॅशे डेटाबेसच्या पोटातच असली तर ही अडचण येत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसची क्वेरी कॅशे एक रो (टेबलमधली नोंद) बदलली तरी त्या टेबलवरचे सगळे साठवलेले निकाल टाकून द्यायची. बदल कुठूनही येवो, शिळा डेटा राहत नसे. पण त्यापायी अनेक कोअरच्या सर्व्हरवर लॉकसाठी रांग लागायची. 2018 मधल्या 8.0 आवृत्तीत ती काढूनच टाकली.

2003 मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटसाठी मेमकॅश्ड हा कॅशे सर्व्हर लिहिला आणि कॅशे वेगळ्या मशीनवर राहू लागली. मेमकॅश्डला डेटाबेस ठाऊकच नाही. प्रत्येक साठवलेल्या डेटाला एक की, म्हणजे ओळखीचं नाव, असतं; पण ‘या उपसर्गाच्या सगळ्या की काढ’ असंही त्याला सांगता येत नाही, म्हणून कीच्या नावातच आवृत्तीचा आकडा घालायची पद्धत रुळली. जावाच्या जगात टेबलांना ऑब्जेक्टशी जोडणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीची सेकंड लेव्हल कॅशे होती. अशा लायब्ऱ्यांसाठीच्या जेपीए या मानकाच्या 2009 मधल्या 2.0 आवृत्तीने कॅशेतून डेटा काढायला एव्हिक्ट आणि एव्हिक्टऑल हे प्रमाणित मार्ग दिले. हायबरनेटमधूनच नेटिव्ह (थेट एसक्यूएलमधला) अपडेट चालवला आणि कोणत्या टेबलांना हात लागतो ते सांगितलं नाही, तर ते खबरदारी म्हणून सगळे एंटिटी रीजन, म्हणजे कॅशेतले ऑब्जेक्टांचे कप्पे, रिकामे करतं. बाहेरून चाललेली स्क्रिप्ट मात्र त्याला दिसतच नाही.

पुढचा मार्ग ट्रिगरचा, म्हणजे टेबल बदललं की डेटाबेस स्वतःच चालवतो त्या कोडचा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये ट्रिगरमधून नोटिफाय करता येतं, म्हणजे ऐकणाऱ्या प्रोग्रॅमना निरोप धाडता येतो, आणि 2010 च्या 9.0 आवृत्तीपासून त्यासोबत मजकूरही पाठवता येतो, पण तो 8000 बाइटच्या आत हवा. त्यामुळे अख्खी रो न पाठवता टेबलचं नाव आणि आयडी एवढंच पाठवावं. नोटिफायचा मोठा गुण म्हणजे निरोप कमिट झाल्यावरच निघतो. हे फार महत्त्वाचं आहे. कमिटच्या आधी की काढली, तर मधल्या क्षणी आलेली दुसरी रिक्वेस्ट अजून जुनीच असलेली रो वाचते आणि तीच पुन्हा कॅशेत भरते. मग कमिट झालं तरी कीची मुदत संपेपर्यंत चुकीचा डेटा तसाच राहतो. दोष मात्र एकच: ऐकणारं कनेक्शन तुटलेलं असताना गेलेले निरोप परत मिळत नाहीत. म्हणून पुन्हा जोडणी झाली की आधी लिसन (निरोप ऐकायची नोंदणी) करावं आणि मगच स्थानिक कॅशे पूर्ण रिकामी करावी. क्रम उलटा केला तर मधल्या फटीतले बदल निसटतात.

फेसबुकने 2013 च्या शोधनिबंधात पुढची पायरी मांडली: डेटाबेसचा कमिट लॉग, म्हणजे झालेल्या बदलांची नोंदवही, वाचणारा डीमन (मागे सतत चालणारा प्रोग्रॅम) त्यातूनच कोणत्या की काढायच्या ते ठरवतो. तिथे नवी किंमत लिहिण्याऐवजी की काढण्यावर भर होता, आणि तेच योग्य आहे. दोनदा काढलं तरी बिघडत नाही. लिहिण्याचा क्रम चुकला तर जुनी किंमत नव्यावर बसते.

पोस्टग्रेसच्या 9.4 आवृत्तीत, 2014 मध्ये, लॉजिकल डिकोडिंग, म्हणजे लॉगमधले बदल बाहेरच्या प्रोग्रॅमला वाचता येतील असे देण्याची सोय, आलं आणि पुढे डेबेझियमसारख्या साधनांनी हा मार्ग सर्वांना मोकळा केला. इथे निरोप हरवत नाहीत, कारण वाचणारा कुठवर पोचला याची खूण ठेवणारा स्लॉट न वाचलेला लॉग धरून ठेवतो. वाचणारा बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर याच कारणाने डिस्क भरते. 13 व्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझ या सेटिंगने त्याला मर्यादा घालता येते. ती ओलांडली की स्लॉट बाद होऊ शकतो आणि मग कॅशे पूर्ण रिकामी करण्यावाचून गत्यंतर नसतं.

एखाद्याच डेटा दुरुस्तीसाठी एवढा डोलारा नको. बदललेल्या आयडी अपडेटलाच जोडता येणाऱ्या रिटर्निंगने घ्याव्यात, कमिट करावं आणि तेवढ्याच की काढाव्यात. रेडिस या कॅशे सर्व्हरमध्ये की नमुन्यावरून शोधायच्या असतील तर शोधायला स्कॅन आणि काढायला अनलिंक वापरावं. कीज कमांड सगळ्या की तपासून होईपर्यंत इतर रिक्वेस्ट अडवून धरते. फ्लशऑल कमांडने कॅशे एकदम रिकामी होते आणि सगळा भार त्याच क्षणी डेटाबेसवर येतो.