कोंगा-वादन, आफ्रो-क्यूबन

क्यूबातील एका उभ्या, पिंपाच्या आकाराच्या, एकमुखी ढोलावर हातांनी वाजवायचे ताल व त्यांचे अध्ययन. क्यूबात या ढोलाला ‘टुंबादोरा’ म्हणतात. ‘कोंगा’ हे नाव क्यूबाबाहेर रूढ झाले. खुद्द क्यूबात ‘कोंगा’ म्हणजे प्रामुख्याने कार्निव्हलच्या मिरवणुकीतील ताल व नृत्य. सोयीसाठी या नोंदीत वाद्याला कोंगा असेच म्हटले आहे.

ढोलाची उंची साधारण ७५ सेंमी. असते. मुखाच्या व्यासानुसार तीन ढोल मुख्य मानले जातात : उंच स्वराचा किंतो (सु. २८ सेंमी.), मधला सेगुंदो किंवा ट्रेस दोस (सु. ३० सेंमी.) आणि खालच्या स्वराचा टुंबा किंवा सालिदोर (सु. ३२ सेंमी.). ही मापे कारखानदारीच्या काळात स्थिरावली. जुन्या ढोलांत बरीच विविधता दिसते. खोड लाकडी पट्ट्या जोडून केलेले असते. १९६० नंतरच्या काळात फायबरग्लासचे ढोलही प्रचारात आले. मुखावर बैलाचे किंवा खेचराचे कातडे, हल्ली अनेकदा कृत्रिम पडदा असतो. खालची बाजू उघडी असते.

उगम : कोंगाचा थेट पूर्वज कोणता, यावर एकमत नाही. क्यूबाचे मानववंशशास्त्रज्ञ फर्नांदो ओर्तिस (१८८१–१९६९) यांनी १९५२ ते १९५५ या काळात आफ्रो-क्यूबन वाद्यांवर पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढची बहुतेक चर्चा त्याच्याच आधाराने किंवा त्याच्याशी वाद घालत झाली आहे. ओर्तिस यांचा कल मध्य आफ्रिकेतील कोंगो-बांटू परंपरेकडे आहे. साखरेच्या मळ्यांसाठी क्यूबात आणलेल्या गुलामांत या प्रदेशातील लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या वस्तीतील दोन वाद्यसमूह येथे विचारात घ्यावे लागतात. पहिला ‘युका’ : लांब, पोकळ ओंडक्यांचे तीन ढोल. यांतला सर्वांत मोठा ‘काहा’, मधला ‘मुला’ व लहान ‘काचिंबो’. दुसरा ‘माकुता’ : मध्यभागी फुगलेले, एकमुखी, खिळ्यांनी कातडे ठोकलेले ढोल; हे कोंगो वंशीयांच्या मंडळांत, म्हणजे ‘काबिल्दो’ नावाच्या संघांत वाजत.

आकार पाहिला तर कोंगा माकुताला जवळचा आहे. तीन ढोलांची रचना मात्र युकाची आठवण करून देते, पण तीही जशीच्या तशी नाही. युकात मोठा, खर्जातला ढोल पुढाकार घेतो आणि लहान ढोल ठेका धरतात. रूंबात, म्हणजे ढोल, गायन व नृत्य यांच्या क्यूबन लोकप्रकारात, हे नेमके उलटले आहे : खालचे दोन ढोल ठेका धरतात आणि सर्वांत उंच स्वराचा किंतो मुक्तपणे बोलतो. हा बदल कसा झाला याची कारणे निरनिराळी सांगितली जातात. मोकळ्या अंगणात, गाण्याच्या कल्लोळात उंच स्वर अधिक स्पष्ट पोचतो, हे त्यांतले पटण्यासारखे कारण आहे. काही अभ्यासक पश्चिम आफ्रिकेतील योरुबा वंशीयांच्या ‘बेंबे’ ढोलांचाही प्रभाव मानतात. तो संभवनीय आहे, पण बेंबे ढोल ओंडका पोखरून केलेले असत आणि कोंगा पट्ट्यांचा, त्यामुळे बांधणीच्या दृष्टीने हे नाते सैल ठरते.

पट्ट्यांची बांधणी हा वादाचा दुसरा मुद्दा. बंदरात येणारी दारूची व ऑलिव्हची पिंपे कापून पहिले ढोल झाले, ही हकीकत सर्वत्र सांगितली जाते. दुसरे मत असे की, पिंप नव्हे तर पिंप बांधण्याची कारागिरी उसनी घेतली गेली : हवाना व मातान्सास या बंदरांत पिंपे जोडणारे कारागीर होतेच, आणि ओंडका पोखरण्यापेक्षा पट्ट्या वाकवून जोडणे त्यांना सोपे होते. हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यात पिंपांच्या पुनर्वापरालाही जागा राहते आणि ढोलांच्या आकारातील सफाईचाही उलगडा होतो. एकच पूर्वज शोधण्यापेक्षा फुगीर खोड माकुताचे, तीन आवाजांचा संवाद युकासारख्या संचांचा आणि बांधणी बंदरातील कारागिरांची, असा संयोग मानणे उपलब्ध पुराव्याशी जुळते. हे घडले ते बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्याच्या आरंभी. क्यूबात गुलामगिरी १८८६ मध्ये संपली आणि मळ्यांवरील कृष्णवर्णीय मजूर शहरांच्या चाळवजा वस्त्यांत आले. ‘सोलार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वस्त्यांच्या अंगणात रूंबा वाढला.

ढोलांवर अधिकृत रोषही होता. हवानात सु. १९१३ पासून कोम्पार्सा म्हणजे ढोलांसह निघणाऱ्या मिरवणुकी बंद करण्यात आल्या. १९३७ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली. मासे व मेणबत्त्यांच्या खोक्यांवर, म्हणजे ‘काहोन’वर वाजवण्याची रीत या बंदीमुळे जन्मली असे नेहमी म्हटले जाते. परंतु गोदीत काम करणाऱ्यांच्या हाताशी खोकी नेहमीच होती. बंदीने ही रीत निर्माण केली असे म्हणण्यापेक्षा तिला बळ दिले असे म्हणणे सुरक्षित.

नृत्यसंगीतात प्रवेश : सोन या लोकप्रिय प्रकाराच्या वाद्यवृंदात कोंगा आणण्याचे श्रेय सामान्यतः त्रेस या गिटारसारख्या तंतुवाद्याचे वादक आर्सेनियो रोद्रिगेस (१९११–७०) यांना, सु. १९४० च्या सुमारास, दिले जाते. त्याच काळात आंतोनियो आर्कान्यो यांच्या बासरी-व्हायोलिनच्या वाद्यवृंदातही कोंगा दिसतो. दोघांपैकी पहिला कोण, यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की, रस्त्यावरचे वाद्य नृत्यगृहात आल्यावर एका वादकाला एका ढोलावर अनेक ढोलांचे काम करावे लागले. आज नवशिके ज्यापासून आरंभ करतात तो टुंबाओ हा ठेका याच गरजेतून घडला.

कातडे पूर्वी खिळ्यांनी ठोकलेले असे आणि आगीजवळ धरून ताणले जाई. वादन लांबले की स्वर उतरे व पुन्हा शेक द्यावा लागे. धातूचे कडे व पेच लावण्याची कल्पना १९४० ते १९५५ च्या दरम्यान रुजली. तिचे श्रेय कार्लोस ‘पाताटो’ वाल्देस (१९२६–२००७) यांना बऱ्याचदा दिले जाते. हवानातील व्हेर्गारा बंधूंच्या कार्यशाळेचाही दावा आहे. पेचांमुळे ढोल निश्चित स्वरात लावता आले, आणि दोन-तीन ढोल एकट्याने वाजवणे शक्य झाले. १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेलेले कांदिदो कामेरो (१९२१–२०२०) यांनी एका हाताने ठेका व दुसऱ्याने स्वैर वादन अशी पद्धती विकसित केली. शेजारचे दोन ढोल बहुधा षड्ज-मध्यमाच्या अंतराने लावतात.

क्लाव्हे : या तालांची किल्ली ढोलात नसून दोन लाकडी दांड्यांवर वाजणाऱ्या क्लाव्हे या पाच आघातांच्या आकृतीत आहे. सोळा मात्रांचे आवर्तन धरले, तर सोन क्लाव्हेचे आघात १, ४, ७, ११ व १३ या मात्रांवर येतात. रूंबा क्लाव्हेत तिसरा आघात एका मात्रेने उशिरा, ८ वर पडतो. बाकीचे चार तेच. एका अर्ध्यात तीन आणि दुसऱ्यात दोन आघात असल्यामुळे आवर्तनाचे दोन भाग भिन्न स्वभावाचे होतात. गाणे ‘तीन’च्या बाजूने किंवा ‘दोन’च्या बाजूने सुरू होऊ शकते, पण एकदा सुरू झाल्यावर क्लाव्हेचा क्रम सहसा मोडला जात नाही. ढोल, गायन, पियानो, सारे तिच्याशी जुळवून घेतात. त्रितालाच्याही मात्रा सोळाच, तरी येथे समेसारखा विसाव्याचा एक बिंदू नाही. ताण कोठे आणि मोकळीक कोठे हे आवर्तनाच्या दोन्ही अर्ध्यांतील फरकावरून कळते. ज्याला क्लाव्हे तोंडाने म्हणत पावलांनी चाल धरता येत नाही त्याने ढोलाला हात लावण्याची घाई करू नये, असे अनेक शिक्षक मानतात, आणि ते योग्यच आहे.

आघात : मूळ आघात पाच-सहा. ‘खुला’ आघातात जुळलेल्या बोटांचे तळ कडेवर पडतात व बोटे लगेच उसळतात. कातडे पूर्ण घुमते. ‘दाबलेला’ तसाच, पण बोटे कातड्यावर राहतात. ‘खर्ज’ म्हणजे सपाट तळहात मध्यभागी. त्यासाठी ढोल जमिनीवरून किंचित तिरपा करावा लागतो, नाहीतर खालच्या तोंडातून आवाज बाहेर पडत नाही. ‘थाप’ हा कोरडा, उंच आवाज. बोटे थोडी वळवून टोके चाबकासारखी पडतात. तो जोराने साधत नाही. मनगट सैल राहिले आणि हात नेमक्या जागी पडला की हलक्या वजनातही थाप फुटते. शेवटी ‘मानोतेओ’ : डाव्या तळव्याची टाच आणि बोटे आळीपाळीने टेकवत केलेली शांत चाल. ती ऐकणाऱ्याला जवळपास जाणवत नाही, पण लयीचा कणा तीच आहे. तबला किंवा ढोलकीवर हात बसलेल्याला बोटे सुटी ठेवण्याची सवय असते. येथे बहुतेक आघातांत बोटे एकत्र चालतात आणि वजन कोपरापासून येते. ताता गुइनेस (१९३०–२००८) यांच्यासारख्या वादकाने नखांचाही वापर केला, परंतु तो पुढचा भाग.

टुंबाओ : चार ठोक्यांचे, आठ अर्ध्या ठोक्यांचे आवर्तन असे : टाच, बोटे, थाप, बोटे, टाच, बोटे, खुला, खुला. हात अनुक्रमे डावा, डावा, उजवा, डावा, डावा, डावा, उजवा, उजवा. म्हणजे थाप दुसऱ्या ठोक्यावर आणि दोन खुले आघात चौथ्या ठोक्यावर व त्यालगतच्या अर्ध्यावर.

हाताला हे लवकर बसते. अडचण कानाची असते. आवर्तनाचा पहिला ठोका येथे सर्वांत हळू वाजतो, नुसती टाच टेकते. सर्वांत मोठे आवाज आवर्तनाच्या शेवटी आहेत. समेवर जोरकस ‘धा’ ऐकण्याची सवय असलेला शिकणारा नकळत त्या दोन खुल्या आघातांनाच आरंभ समजतो, आणि पूर्ण गाणे एक ठोका सरकते. बास गिटारही मदतीला येत नाही, कारण तीदेखील पहिला ठोका टाळून आधीच्या चौथ्या ठोक्यावर पुढचा स्वर लावते. कोणीही ठासून न सांगितलेला ‘एक’ सर्वांनी मनात धरलेला असतो. त्यामुळे पाय चालते ठेवून, पहिल्या ठोक्याला पाऊल आणि तोंडाने क्लाव्हे अशी तालीम आवश्यक ठरते. वेग वाढवण्याआधी डावा हात स्वतंत्रपणे बराच काळ चालवावा. उजव्याच्या थापेकडे लक्ष गेले की डाव्याची टाच-बोटे विस्कटतात, आणि त्याबरोबर नृत्याला लागणारा झोका नाहीसा होतो.

दोन ढोलांवर वाजवताना क्लाव्हेच्या ‘तीन’च्या बाजूला, तिच्या दुसऱ्या आघाताशी जुळवून, मोठ्या ढोलावर खुले आघात सुरू होतात. येथून टुंबाओला दिशा येते. ते आघात ‘दोन’च्या बाजूला पडले तर जाणकाराला लगेच खटकते.

रूंबा : यात तीन प्रकार आहेत. यांबू संथ असून परंपरेने खोक्यांवर वाजतो. ग्वाग्वांको स्त्री-पुरुषाच्या लपंडावाचे नृत्य. त्यात सालिदोर व सेगुंदो यांच्या खुल्या आघातांतून एक छोटी धून तयार होते आणि काता नावाच्या पोकळ बांबूवर काठ्या चालतात. हवाना व मातान्सासची शैली यात वेगळी आहे. मातान्सासच्या शैलीसाठी १९५२ मध्ये स्थापन झालेले ‘लोस मुन्येकितोस दे मातान्सास’ हे मंडळ आदर्श मानले जाते. कोलुंबिया बारा मात्रांत चालतो. घंटेचे सात आघात १, ३, ५, ६, ८, १०, १२ असे पडतात. नृत्य परंपरेने एकट्या पुरुषाचे, आणि किंतो त्याच्या पावलांना उत्तर देतो. म्हणून किंतो शेवटी शिकतात. तो नुसत्या हातांनी वाजत नाही, नर्तकाकडे पाहत वाजतो. २०१६ मध्ये युनेस्कोने क्यूबातील रूंबाचा मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला.

शिक्षण : सोलारमध्ये मुले मोठ्यांच्या शेजारी क्लाव्हे वा काता धरून शिकत, मग सालिदोर, मग सेगुंदो. १९६२ मध्ये हवानात राष्ट्रीय कला विद्यालय व राष्ट्रीय लोककला मंडळ स्थापन झाल्यावर पद्धतशीर शिक्षण आणि स्वरलेखन आले. अमेरिकेत चानो पोसो (१९१५–४८) यांनी १९४७ मध्ये डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात कोंगा वाजवून जॅझमध्ये या वाद्याला स्थान मिळवून दिले. मोंगो सांतामारिया (१९१७–२००३) व रे बारेत्तो (१९२९–२००६) यांच्यामुळे ते पसरले. १९७० च्या दशकात ड्रमवादक चांगितो यांनी ‘लोस व्हान व्हान’ या क्यूबन वाद्यवृंदात सोंगो हा प्रकार घडवला, त्यात कोंगा, ड्रमसेट व इतर तालवाद्ये एकमेकांत गुंफली गेली.

दीर्घकाळ जोराने वाजवल्यावर लघवी लालसर होण्याची उदाहरणे १९७० च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात नोंदली आहेत. तळहातातील रक्तपेशी व स्नायूंवरील आघात हे त्याचे कारण दिले जाते. हात सुजेपर्यंत वाजवण्याचे कौतुक करू नये.

मुंबई : हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदात बोंगो-कोंगा ही वाद्ये आणणाऱ्यांत कावस लॉर्ड यांचे नाव घेतले जाते, त्यांचे पुत्र केर्सी लॉर्ड हेही नामवंत वादक. मुंबईच्या वादकांत कोंगाला ‘तुंबा’ म्हणतात. ऑर्केस्ट्रांत तुंब्यांची जोडी ढोलकी-तबल्याच्या बरोबरीने वाजते, मात्र तेथील वादन बहुधा केरवा, दादरा यांसारख्या ठेक्यांना धरून असते आणि क्लाव्हेची चौकट त्यात क्वचितच पाळली जाते.