कोअ‍ॅक्स, ५० ओहम आणि पीएल-२५९ : हे सगळं आलं कुठून

ट्रान्सीव्हरला (एकाच डब्यातला ट्रान्समीटर आणि रिसीव्हर) अँटेना जोडताना ५० ओहमची केबलच का, कनेक्टर असाच का आणि तो लावताना एवढी काळजी कशाला, असे प्रश्न नवीन माणसाला पडतातच, आणि त्यांची उत्तरं बरीचशी १९३०-४०च्या काळातली आहेत.

तसं कोअ‍ॅक्सचं (मधे एक तार, तिच्याभोवती इन्सुलेशन आणि त्याभोवती धातूचं आवरण अशा केबलचं) पेटंट ऑलिव्हर हेविसाइडने इंग्लंडमध्ये १८८० सालीच घेतलं होतं, पण तेव्हा रेडिओच नव्हता. पुढे रेडिओ आला तरी हॅम लोक, म्हणजे हौशी रेडिओवाले, दोन उघड्या तारा समांतर ताणून अँटेनापर्यंत न्यायचे. त्यात लॉस (वाटेत वाया जाणारी पॉवर) अगदी कमी, आजही कोअ‍ॅक्सपेक्षा कमी, फक्त पत्रा, पाइप, भिंत यांच्यापासून त्या लांब ठेवाव्या लागतात. १९२९ मध्ये एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीच्या एस्पेनशीड आणि अ‍ॅफेल यांनी आजच्या धर्तीच्या कोअ‍ॅक्सच्या पेटंटसाठी अर्ज केला, तोही लांब पल्ल्याचे टेलिफोन आणि टीव्ही डोळ्यासमोर ठेवून.

खरा फरक पडला तो पॉलिथिलीन या प्लॅस्टिकमुळे. १९३३ मध्ये आयसीआय या ब्रिटिश केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये ते अपघातानेच सापडलं, आणि युद्धात रडारसाठी वाकणारी, कमी लॉसची केबल हवी होती तिथे ते इन्सुलेशन म्हणून बरोबर कामाला आलं, कारण रबर एवढ्या वरच्या फ्रिक्वेन्सीला चालतच नव्हतं. युद्ध संपल्यावर आरजी-८ ही केबल लष्कराच्या सरप्लसमध्ये भरपूर आली आणि हॅम लोकांनी उघड्या तारा हळूहळू सोडल्या.

५० ओहम हा केबलचा इम्पिडन्स, म्हणजे तिच्यातून जाणाऱ्या सिग्नलच्या व्होल्टेज आणि करंटचं गुणोत्तर, आणि तो मधला मार्ग आहे. आत हवा असलेल्या कोअ‍ॅक्समध्ये सगळ्यात जास्त पॉवर ३० ओहमच्या आसपास जाते, सगळ्यात कमी लॉस ७७ला. ट्रान्समीटरवाल्यांना दोन्ही हवं म्हणून ५०, टीव्हीला फक्त सिग्नल घ्यायचा म्हणून तिकडे ७५.

पीएल-२५९, म्हणजे केबलच्या टोकाला लावायचा स्क्रूचा कनेक्टर, पण १९३०च्या दशकातला, अ‍ॅम्फेनॉलचा. त्याचा इम्पिडन्स आतमध्ये एकसारखा नसतो, एचएफला (३ ते ३० मेगाहर्ट्झ) काही फरक पडत नाही, ४३० मेगाहर्ट्झला पडतो. तिथे एन कनेक्टर लावा, बेल लॅब्सच्या पॉल नीलने १९४०च्या दशकात काढलेला, त्याला पाणी अडवणारं रबरी गॅस्केट असतं. पीएल-२५९ला ते नाही, म्हणून बाहेरच्या जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग (ताणून गुंडाळला की स्वतःलाच चिकटून एकजीव होणारा) टेप गुंडाळायलाच हवा.

कनेक्टर सोल्डर करतानाची अडचणही पॉलिथिलीनमधूनच येते. ब्रेडला (केबलच्या बाहेरच्या विणलेल्या जाळीला) कनेक्टरच्या बॉडीच्या चार भोकांमधून डाग द्यायचा असतो, बॉडी जाड धातूची, ती उष्णता ओढून घेते. साधं टिन-लेड सोल्डर वितळायला १८३ डिग्रीच्या वर जावं लागतं आणि पॉलिथिलीन त्याच्या कितीतरी आधीच मऊ पडतं, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्न लावून बराच वेळ धरलं की आतली तार सरकून ब्रेडला टेकते आणि शॉर्ट. मोठ्या वॅटचं सोल्डरिंग आयर्न, जाड टिप, पटकन डाग, आणि गार होईपर्यंत केबल हलवायची नाही. (बाहेरची रिंग आधी केबलवर सरकवून घ्या!)

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बघतात. जुन्या आरजी-८च्या पीव्हीसी जॅकेटमधलं प्लॅस्टिसायझर (पीव्हीसी मऊ ठेवणारं रसायन) वर्षानुवर्षं आत झिरपत पॉलिथिलीनपर्यंत पोचतं आणि लॉस वाढत जातो, बाहेरून केबल एकदम नवी दिसते. आरजी-२१३ आली ती असं न झिरपणारं जॅकेट घेऊन. तेव्हा जुनी आरजी-८ कुणी फुकट दिली तरी टॉवरवर चढवायच्या आधी एका टोकाला डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) लावून दोन्ही टोकांना पॉवर मोजून बघा.