पवनेकाठच्या टेंटखालची जमीन : पार्श्वभूमी

मुलाबाळांसह तलावाकाठी एक रात्र काढायची म्हटलं की मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना पहिलं नाव सुचतं ते लोणावळ्याजवळच्या पवना धरणाचं. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना या चार किल्ल्यांच्या मध्ये पसरलेलं पाणी, संध्याकाळी चहा-भजी, रात्री शेकोटी, सकाळी पोहे आणि अकराच्या आत परतीची वाट. जागा निवडताना लोक फोटो, दर आणि आधीच्या पाहुण्यांचे शेरे बघतात. पण एकाच काठावर, दोन शेतांच्या अंतरावर, एक साइट नीटनेटकी आणि दुसरी तापदायक का निघते, हे त्यातून कळत नाही. ते समजायला धरणाकडे आणि त्यासाठी घेतलेल्या जमिनीकडे जावं लागतं.

सह्याद्रीतले आपले बहुतेक ‘लेक’ धरणांचे आहेत. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मधलं. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह झाला, शेतकरी तुरुंगात गेले आणि तरी धरण झालं. पवनेची गोष्ट त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाची, पण वळण तेच. साठच्या दशकात मावळातल्या गावांची जमीन संपादित झाली, १९७२ मध्ये धरण पूर्ण झालं. पाणी मुख्यतः पिंपरी-चिंचवडला. धरणातून नदीत सोडायचं, खाली रावेतला उचलायचं आणि शुद्ध करून नळाला द्यायचं, अशी ही व्यवस्था आहे. तलावाकाठी मुक्काम करणाऱ्यानं एवढी एक गोष्ट जरी लक्षात ठेवली, तरी साइटवरच्या संडासाचं पाणी कुठे मुरतं हा प्रश्न त्याला आपोआप पडेल.

आता मुख्य गुंता. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे पवना भरल्यानंतर. जमिनी गेल्या त्या १८९४ च्या इंग्रजी अमदानीतल्या भूसंपादन कायद्याखाली. त्या कायद्यात मोबदल्याची रक्कम होती, जमिनीच्या बदल्यात जमीन नव्हती. पवनेचे बाधित खातेदार १२०३. त्यांतल्या ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली, ८६३ मागे राहिले. मागे राहिलेल्यांची तिसरी पिढी आज काठावर उभी आहे.

धरणासाठी जमीन घेताना पाणी जिथवर चढतं तेवढीच घेत नाहीत, वरचीही घेतात. पवनेलाही पूर्ण संचय पातळीच्या, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या, वर बरीच जमीन संपादित झाली आणि कधीच बुडाली नाही. कागदोपत्री ती सरकारची. प्रत्यक्षात ती कसत राहिली बहुतांशी ज्यांची गेली तीच कुटुंबं. ‘आमचं पुनर्वसन याच शिल्लक जमिनीत करा’ ही त्यांची जुनी मागणी. त्यावर निवेदनं झाली, मोर्चे झाले, बैठकांवर बैठका झाल्या. मधल्या काळात तलावाकाठच्या जमिनीचा भाव वाढला, बाहेरचे लोक आले, बंगले उठले, आणि कोणत्या कुंपणाखाली मालकीची जमीन आहे व कोणत्याखाली संपादित, हे मोजणी झाल्याशिवाय सांगणं कठीण होऊन बसलं. अधूनमधून अतिक्रमणाच्या नोटिसा निघतात. ज्याची जमीन गेली आणि बदली जमीन मिळाली नाही त्यानं आजोबांच्या बांधावर चार टेंट लावले, आणि ज्यानं संपादित जमिनीवर भिंत घालून पोहण्याचा तलाव बांधला, या दोघांना सरकारी भाषेत नाव एकच : अतिक्रमण. मला हे मान्य नाही. मावळात थोडे दिवस काढलेल्या कुणालाही ते पटणार नाही.

त्यात आणखी एक थर आहे. पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन म्हणजे गाळपेर. ती हंगामापुरती पिकासाठी भाड्यानं द्यायची आणि देताना प्रकल्पग्रस्तांना प्राधान्य द्यायचं, ही राज्यातल्या धरणांवरची जुनी रीत. कलिंगड, काकडी, हरभरा अशा पिकांसाठीची ही सोय आहे, मुक्कामासाठीची नाही. आता जाहिरातीतला ‘अगदी पाण्याला लागून’ टेंट आठवा. धरण भरलेलं असताना, म्हणजे ऑगस्टपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत, पाण्याला लागून असलेली जागा संचय पातळीच्या काठाशी असते. एप्रिल-मेमध्ये तोच शब्द पाळायचा तर टेंट गाळपेरात न्यावा लागतो. याच महिन्यांत वाघेश्वराचं जुनं दगडी मंदिर पाण्याबाहेर येतं आणि लोक गाड्या घेऊन भेगाळलेल्या चिखलातून तिथवर जातात. मंदिराभोवती पूर्वीच्या शेतांचे बांध, दगडांच्या रांगा, खड्डे अजून ओळखू येतात. पावसाळ्यानंतर हेच सगळं पाण्याखाली असतं. वरून सपाट, शांत दिसणाऱ्या पाण्यात चार पावलांवर तळ अचानक खोल जातो किंवा पाय गाळात रुततो तो यामुळे. पोहता येणारी माणसंही इथे बुडाली आहेत.

कॅम्पिंग हा यातला अगदी अलीकडचा भाग. पूर्वी इकडे यायचे ते ट्रेकर. ते लोहगडवाडीत किंवा तिकोना पेठेत कुणाच्या पडवीत, देवळात झोपायचे आणि पिठलं-भाकरीचे पैसे देऊन जायचे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि मुंबईहून शनिवारी दुपारी निघून रविवारी परतणं सोपं झालं. टेंट आणि ऑनलाइन बुकिंग त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलं, आणि करोनानंतर तर काठावर रांगाच लागल्या. ज्या घरांना धरणानं भूमिहीन केलं त्यांना त्याच धरणानं पहिल्यांदा घरबसल्या रोजगार दिला. गावातली पोरं नोकरीला चाकण-तळेगावला जायची, त्यातली काही परत आली. मात्र मोठ्या साइट बाहेरच्या चालकांनी भाडेपट्ट्यानं घेतल्या, ध्वनिक्षेपक आले, एकेका शेतात पन्नास-पन्नास टेंट लागले.

याच काळात राज्य सरकारची एकामागून एक धोरणं आली. कृषी पर्यटनाचं २०२० मध्ये, कॅरॅव्हॅन पर्यटनाचं आणि साहसी पर्यटनाचं २०२१ मध्ये. कॅरॅव्हॅन पार्कची कल्पना मला मनापासून आवडते : मोकळी जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची नीट सोय, गाडीतच बिछाना. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर टेंटपेक्षा ते केव्हाही बरं. पण पवनेकडे येताना दुधिवरे खिंडीतला रस्ता आणि पुढच्या गावातल्या गल्ल्या पाहिल्या की मोठी गाडी काठापर्यंत नेण्याचा विचार माणूस सोडून देतो. कृषी पर्यटनाच्या नोंदणीला तर शेतजमीन नावावर असल्याचे कागद लागतात. पवनेच्या धरणग्रस्ताकडे नेमका तोच कागद नाही. गावातला माणूस चांगली साइट चालवत असूनही नोंदणी दाखवू शकत नाही तो अनेकदा यामुळे, आणि कागद मागणाऱ्या शहरी कुटुंबाला ते खटकतं.

२०११ चा ऑगस्ट इथे विसरून चालणार नाही. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून शहरात नेण्याच्या प्रकल्पाविरुद्ध मावळातल्या बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. प्रकल्पावरची स्थगिती २०२३ मध्ये उठली. काठावरची वयस्क माणसं सरकारी मोजणीवाला दिसला की गप्प का होतात, हे त्यानंतर कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

पावसाळ्यातली बंधनं सगळ्यांत नवी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच जणं वाहून गेली आणि त्यानंतर मावळातल्या पाणवठ्यांवर मनाईचे आदेश निघाले. जून ते सप्टेंबर पवनेकाठी टेंट नकोच, आदेश असो वा नसो. मावळचा पाऊस उतारावरची माती घेऊन उतरतो.

एवढं माहीत असलं की फोनवर विचारायचे प्रश्न बदलतात. साइट चालवणारा कोणत्या गावचा? टेंट पूर्ण संचय पातळीच्या वर आहेत की गाळपेरात? संडास पक्के आहेत का, शोषखड्डा पाण्यापासून किती लांब? कुटुंबांची जागा वेगळी आहे का, आणि रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद होतो का? बोटीत लहान मुलांच्या मापाची जॅकेटं आहेत का? गावचा माणूस या प्रश्नांना न अडखळता उत्तरं देतो. जमिनीबद्दल तो ‘संपादित आहे, पण आमचीच’ म्हणाला तर दचकू नये, वर सांगितलेली सगळी गोष्ट त्या एका वाक्यात आहे. ‘सगळं क्लिअर आहे, तुम्ही फक्त आगाऊ पैसे पाठवा’ म्हणणाऱ्यापाशी मात्र थांबावं.

उरलेल्या खातेदारांना काही जमीन धरणाजवळ आणि काही दुसरीकडे द्यावी, असा तोडगा अलीकडे पुढे आला आहे. तो खरोखर अमलात आला आणि सातबारा हातात पडला, तर ही कुटुंबं स्वतःच्या नावानं नोंदणी करू शकतील, पक्क्या संडासासाठी कर्ज काढू शकतील. वाटप रखडलं तर नोटिसा निघत राहतील, आणि एका हंगामात चांगली वाटलेली साइट पुढच्या हंगामात जागेवर असेलच असं नाही. म्हणून पुन्हा जायचं ठरलं तर जुन्या नंबरवर लगेच पैसे भरू नयेत, आधी फोन करून साइट चालू असल्याची खात्री करावी.