दुरुस्तीपूर्वी काँक्रीटचा पृष्ठभाग कसा तयार करावा?

कोकण किनाऱ्यावरील अनेक जुन्या इमारतींत छज्जाचे पापुद्रे पडतात, गंजलेली सळई उघडी होते, तिच्यावर मॉर्टर (सिमेंट-वाळूचे मिश्रण) थापून रंग दिला जातो आणि काही पावसाळ्यांतच तो भाग पुन्हा सुटतो. अशा वेळी दोष मॉर्टरला दिला जातो, पण बहुतेकदा त्याखालचा पृष्ठभागच धड नसतो.

ताज्या काँक्रीटचा सामू (pH) १२.५ ते १३ असतो आणि त्या अल्कधर्मी वातावरणात सळईवर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर टिकून राहतो. कार्बन डायऑक्साइड मुरून सामू ९ च्या आसपास उतरला, किंवा खाऱ्या हवेतील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले, की हा थर मोडतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते.

म्हणून आधी हातोडीने ठोकून पाहावे. धड काँक्रीट खणखणीत वाजते, सुटलेले बद्द वाजते. सुटलेल्या भागाची हद्द खडूने आखून घ्यावी. नव्याने फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिनचे द्रावण फवारल्यास अल्कधर्मी काँक्रीट गुलाबी होते, कार्बोनेट झालेले, म्हणजे कार्बन डायऑक्साइड मुरून सामू उतरलेले, रंगहीन राहते. क्लोराइड मात्र या चाचणीत दिसत नाहीत, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच द्यावा लागतो.

तोडकाम सुरू करण्यापूर्वी स्लॅब-बीमला टेकू द्यावेत. कडा निमुळत्या न ठेवता कटरने सरळ कापाव्यात, कारण कडेचा पातळ थर सर्वांत आधी उचकटतो. कापताना पाते सळईला लागू देऊ नये. खरी हयगय होते ती सळईच्या मागे. दर्शनी बाजू घासून चकचकीत करतात, पाठीमागचा गंज तसाच राहतो. सळई गंजलेली असेल, तर तिच्यामागे सुमारे २० ते २५ मिलिमीटर पोकळी करून ती सर्व बाजूंनी साफ करावी आणि लांबीच्या दिशेने गंजमुक्त सळई लागेपर्यंत काँक्रीट काढत जावे. जड ब्रेकरने राहिलेल्या काँक्रीटला बारीक तडे जातात, म्हणून शेवटचा थर हलक्या हत्याराने काढणे मला आवश्यक वाटते.

शेवटी धूळ पाण्याच्या दाबाने धुवावी. सिमेंटयुक्त मॉर्टर वापरायचे असेल, तर काँक्रीट पाणी पिऊन तृप्त, पण वरून कोरडे हवे: कोरडे काँक्रीट मॉर्टरमधले पाणी शोषते, साचलेले पाणी पकड कमी करते. पकडीसाठी सिमेंट-पॉलिमरची स्लरी (पातळ लेप) लावली असेल, तर ती ओली असतानाच मॉर्टर भरावे. वाळलेली स्लरी दोन थरांना जोडण्याऐवजी वेगळे करते, आणि तसे झाल्यास ती खरवडून पुन्हा लावावी लागते.